उचल घ्यायची नाही

बचत गटातल्या बाईला "तुमचं ध्येय काय?" असं थेट विचारू नये, असं माझं आता पक्कं मत झालंय. विचारलं की ती पदर सावरते, शेजारणीकडे बघते आणि आपल्याला आवडेल ते सांगते. शिलाई मशीन. पापड-लोणची. फार तर "पोरांना शिकवायचं". त्यात खोटं काही नसतं, पण तिचं स्वतःचंही काही नसतं. प्रशिक्षणाला आलेल्या मॅडमना काय ऐकायचंय, हे गावातल्या बाया मॅडमच्या आधी ओळखतात.

मी धाराशिव जिल्ह्यात 'उमेद'चं, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं काम करते. आधी गावात सीआरपी होते, म्हणजे गट बांधायचे, बैठकांना बसायचं, वह्या तपासायच्या. पुढे प्रभागाची समन्वयक झाले. 'उमेद' २०११ सालची. गट त्याच्या कितीतरी आधीचे. नाबार्डने गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग १९९२ मध्ये पाचशे गटांपासून सुरू केला, आणि माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, तर १९७५ पासूनचं. दहा-बारा बाया, आठवड्याला बैठक, आठवड्याला बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेली वही, एवढ्यावर गट चालतो. गट जरा रुळला की मग येतो आराखडा. कागदावर त्याचं नाव सूक्ष्म पतपुरवठा आराखडा, बोलण्यात एमसीपी. प्रत्येक घराचं उत्पन्न, खर्च, डोक्यावरची देणी, काय करायचंय, त्याला किती लागतील, स्वतःचे किती घालणार, कर्ज किती महिन्यांत फेडणार, असे रकाने असतात. गटाने सगळ्यांचे कागद समोर ठेवून ठरवायचं की आधी कुणाला द्यायचं. बँकेला मोठं कर्ज द्यायचं असेल तर ती हाच आराखडा मागते.

आराखडा मुळात फार चांगली गोष्ट आहे. पण भरताना काय होतं? "काय करायचंय" या रकान्यात ओळीने शेळी, शेळी, शेळी, किराणा दुकान, शेळी. शेळी लिहिली की मंजूर होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पैसे हातात आले की त्यातले निम्मे दवाखान्यात किंवा लग्नात जातात आणि पुढची तपासणी आली की शेजारची शेळी दावणीला दिसते. मी कुणाला दोष देत नाही. दवाखाना ही काही हौस नव्हे. पण कागदावर शेळी आणि मनात दुसरंच, अशा कागदाचा कुणाला उपयोग?

प्रशिक्षणात एक स्वप्नचित्राचा खेळ असतो. चार्ट पेपर आणि स्केचपेन द्यायचे आणि पाच वर्षांनंतरचं आपलं घर काढायला सांगायचं. प्रत्येक चित्रात स्लॅबचं घर, दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य आणि नारळाची झाडं. आमच्याकडे नारळ देवळाच्या पायरीवरच दिसतो, तरी झाड हमखास. चित्रं भिंतीला लागतात, फोटो निघतो, तो वर जातो. त्या घरापर्यंत पोचायला उद्या सकाळी काय करायचं, हे त्या चित्रात कुठेच नसतं.

माझ्या कामात फरक पडला तो प्रश्न उलटा केल्यावर. काय हवंय, ते विचारायचं सोडून मी विचारू लागले, "पुढच्या सालात काय नको?"

या प्रश्नाला कुणी शेजारणीकडे बघत नाही. "दवाखान्याचं व्याज नको." "दुकानदाराची उधारी नको." "सासूकडं तेलाला पैसे मागाया नको." आणि ज्या गावातून ऊसतोडीला माणसं जातात तिथं एकच उत्तर, तेही लगेच. "कोयता नको."

हे उत्तर देणाऱ्यांपैकी एका घराबद्दल लिहिते. नाव, गाव लिहीत नाही. त्यांचे यजमान माझ्या माहेरच्या गावचे, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते. एप्रिल २०२३ ची गोष्ट. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसं गावात परतली होती. पाच-सहा महिने गटाची बैठक निम्म्या बायांवर चालते, बाकीच्यांची बचत फोनवरून येते किंवा येतच नाही. ती सगळी वही जुळवायला मी गेले होते. वहिनी ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. मी प्रश्न टाकला. त्या म्हणाल्या, "कोयता सुटला की बास, ताई. दुसरं काय बी लागंना." मग थोडं थांबून, "पर त्यो काय सुटतोय?"

कोयता का सुटत नाही हे कळायला उचल कळली पाहिजे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी नेणारा माणूस, या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती अंगावर घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर टाकून कारखान्यावर जायचं, कोपी म्हणजे झोपडी घालायची आणि ऊस तोडून ते पैसे फेडायचे. वहिनींच्या घरी उचल होती नव्वद हजार. आम्ही गव्हाचं सूप बाजूला सारलं आणि मुलाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर हिशेब मांडला. जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. तेव्हा टनाला दर होता २७३ रुपये. दोन टन धरले तरी दिवसाचे साडेपाचशेच्या आत. म्हणजे नव्वद हजार फिटायला एकही खाडा न करता साडेपाच महिने. तो हंगाम तर लवकर आटोपला होता. म्हणून पंधरा हजार बाकी अंगावर राहिली होती, आणि ती पुढच्या उचलीत धरली जाणार होती. खाण्यापिण्याचं काय, तर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून.

वहिनींना हा हिशेब नवा नव्हता. त्यांनी तो माझ्यापेक्षा वेगाने केला. मग मी विचारलं, उचल घेता कधी? "आखाडात. कदी त्याच्या बी आदी." आणि का घेता? इथे त्या थांबल्या. "घ्यावीच लागती." म्हणजे काय काय असतं तेव्हा?

मग महिन्यामागून महिना घेत बसलो. वहिनींचे महिने जानेवारी-फेब्रुवारी नव्हेत, सणांचे. मृगाला सोयाबीनचं बियाणं आणि खत, दोन एकराला. त्याच आठवड्यात शाळा उघडते; वह्या, दप्तर, मोठीला सायकलचं टायर. पाऊस लागायच्या आत दोन पत्रे बदलायचे. आखाडीला सासरे वारीला जातात, त्यांच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं. नागपंचमीला नणंद. पोळा. मग महालक्ष्म्या, आणि मराठवाड्यात महालक्ष्म्यांना हात आखडता घेता येत नाही. मध्ये फवारणी दोनदा, खुरपणी, आणि सासूची बीपीची गोळी बारमाही. सोयाबीन हातात येतं दसऱ्याला. म्हणजे मृग ते दसरा, हे चार महिने घरातून पैसा फक्त जातो. मुकादम नेमका याच चार महिन्यांत दारात येतो, आणि त्यात त्याची हुशारी आहे.

चार महिन्यांची बेरीज झाली बासष्ट हजार. वहिनींनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा बेरीज केली. "येवढंच?" मग म्हणाल्या, "मंग नव्वद कशाला घेतोय आपण?" वरचे अठ्ठावीस हजार कशाचे, हे दोघांनी रात्री बसून काढलं. जुनी बाकी, भाच्याच्या लग्नातला आहेर आणि एक मोबाईल.

पुढचं सगळं या बेरजेतून निघालं. "कोयता नको" हे ऐकायला ठीक आहे, पण त्यावर उद्या सकाळी काही करता येत नाही. "आखाडात दारात आलेल्या मुकादमाला परत पाठवायला घरात बासष्ट हजार असले पाहिजेत", यावर करता येतं. हे २०२३ च्या जूनला जमणार नव्हतं, समोर दोनच महिने होते. २०२४ लाही अवघड. मग २०२५ धरलं. दोन वर्षं पुढचा जून. आमच्या वरिष्ठांना दोन वर्षांचं काही सांगितलं की ते म्हणतात, "एवढं लांब नको, तिमाहीत काय दाखवता येईल?" पण शेतीच्या घराला तिमाही नसते. खरीप असतो आणि रब्बी असते.

आता शेळी आली. या वेळी ती मंजुरीसाठी आली नाही, तारखेसाठी आली. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं. काळी, काटक, बऱ्याचदा जुळं देणारी. बोकडाला खरा भाव मिळतो बकरी ईदला, पण कुर्बानीचा बोकड वर्षाचा झालेला लागतो आणि त्यात खोट चालत नाही. गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं. आणि ईद एका तारखेला थांबत नाही. चंद्राच्या वर्षाने चालते म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला आली, २०२५ ला ७ जूनला. म्हणजे नेमकी मृगाच्या तोंडावर, बियाण्याच्या पैशाच्या वेळेला. हे जुळलं तेव्हा वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मागे मोजत गेलो. जून २०२५ ला बोकड चौदा-पंधरा महिन्यांचा हवा, म्हणजे तो मार्च-एप्रिल २०२४ ला जन्मला पाहिजे. शेळी पाच महिने गाभण असते. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये ती फळली पाहिजे. म्हणजे पोळ्याच्या आसपास ती दावणीला आलेली हवी, रुळलेली हवी, जंताचं औषध झालेलं हवं. दोन शेळ्या. पैसे गटातून, अंतर्गत कर्ज, शेकडा दोनने. आणि फळायच्या वेळेला वहिनी कुठे? तर कारखान्यावर, कारण त्या वर्षीचा कोयता चुकणार नव्हता.

इथं तो प्रश्न येतो ज्याला आमच्या प्रशिक्षणात जागा नाही. करणार कोण? ध्येय कसं असावं यावर आम्हाला एक इंग्रजी आद्याक्षरांची यादी शिकवतात, 'स्मार्ट' नावाची. नेमकं, मोजता येईल असं, गाठता येईल असं, वगैरे. जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने ती १९८१ साली व्यवस्थापनाच्या एका मासिकात मांडली. त्याच्या मूळ यादीत एक कलम होतं की हे काम कुणाच्या अंगावर टाकलंय ते ठरलेलं असावं. आमच्यापर्यंत जी यादी पोचली, तिच्यात ते कलम नव्हतं. त्याच्या जागी "गाठता येईल असं" येऊन बसलं होतं. कंपनीत एक वेळ चालेल. घरात नाही. घरात बाईच्या प्रत्येक बेताचा पहिला धोका हाच असतो, की तो अमलात आणायला दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात आणि त्या हातांना कुणी विचारलेलं नसतं.

शेळ्या सासू बघणार होत्या. त्यांना आम्ही वहीसमोर बसवलं. त्यांनी दोन अटी घातल्या. बीपीची गोळी चुकू द्यायची नाही, आणि एक करडू माझं. दोन्ही लिहून घेतल्या. पशुसखीला सांगून ठेवलं की पावसाळ्याआधी पीपीआर आणि आंत्रविषाराची लस झालीच पाहिजे. यजमानांना काय करायचं होतं? मुकादमाशी बोलायचं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड. मुकादम चुलत भाऊच लागतो. त्याला आखाडात ऐनवेळी नाही म्हटलं तर त्याची टोळी मोडते, त्यानेही कुठून तरी पैसे उचललेले असतात. म्हणून ठरलं की त्याला दोन वर्षं आधी सांगायचं. यंदा पन्नासच हजार दे. पुढच्या साली अर्धा कोयता. त्याच्या पुढच्या साली आमचं नाव धरू नको. वहिनी म्हणाल्या, "मी बोलते." यजमान म्हणाले, "नको, मीच बोलतो." शेवटी दोघं गेले. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

"करणार कोण?" हाच प्रश्न एका वेगळ्याच घरात उपयोगी पडला, ते जाता जाता सांगते. गटातली एक तरुण सून पोलीस भरतीची तयारी करत होती. उंची १५५ सेंटीमीटरच्या वर होती, लेखीचा अभ्यास चांगला होता, मैदानी परीक्षेतली ८०० मीटर धाव अडत होती. तिच्याकडे छापील वेळापत्रक होतं, पहाटे पाच ते सात सराव. ते एक दिवसही पाळलं गेलं नव्हतं. कारण पाच वाजता तिचं दीड वर्षांचं पोर उठतं. वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत आम्ही तिच्या नणंदेचं नाव लिहिलं, आणि बदल्यात सूनबाई नणंदेला संध्याकाळी गणित शिकवणार. पुढचे दोन महिने ती रोज धावली. भरतीचं काय झालं ते वेगळं, ती अजून प्रयत्न करतेय.

वहिनींचा बेत जसा लिहिला तसा घडला का? नाही. २०२३ चं साल बरं गेलं. पन्नास हजार उचल, पंधरा जुनी बाकी, असे पासष्ट घेऊन ते गेले आणि हंगामाच्या मध्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. संपाने, बैठकांनी मिळालेली वाढ होती ती, आमच्या वहीने नव्हे. पण उचल कमी असल्यामुळे ती वाढ फेडीत न जाता हातात राहिली. कितीतरी वर्षांनी ते घर गावी परतलं तेव्हा अंगावर बाकी नव्हती. शेळ्यांनी चार करडं दिली, त्यातली तीन नर. एक सासूबाईंना गेलं.

२०२४ च्या पावसाळ्यात एक नर दगावला. लस झाली होती, तरी. पशुसखीचं म्हणणं गोठ्यात ओल होती. ज्या बाजूचा पत्रा बदलायचा राहिला होता तिथंच पाणी गळत होतं. वहिनींनी फोनवर मला ते सांगितलं तेव्हा मी बेरीज बदलायला वही काढली, तर त्या म्हणाल्या, "म्या केली. एकानं कमी पडतंय. त्या जागी खुरपणीचे लिवलेत." बेत त्यांचा झाला होता, एवढं मला त्या वाक्यावरून कळलं. मी लिहून दिलेला असता तर त्यांनी मला विचारलं असतं, आता काय करू.

त्या हंगामात यजमान अर्ध्या कोयत्यावर गेले, भावासोबत. वहिनी आणि दोन्ही मुलं गावात राहिली. हे आमच्या लेखी ध्येय नव्हतं, मधली पायरी होती. पण मोठी मुलगी सातवीत होती आणि तिचं ते पहिलं साल, ज्यात दिवाळीनंतरही ती स्वतःच्या घरातून शाळेत जात होती. याआधी कधी कोपीवर, कधी गावातल्या हंगामी वसतिगृहात. हंगामी वसतिगृहं नसती तर अनेक पोरांची शाळा केव्हाच सुटली असती, हे मान्य करूनही सांगते की आई घरात असणं ही वेगळी गोष्ट आहे.

२०२५ ला ईदच्या आधीच्या बाजारात दोन्ही बोकड गेले. व्यापारी दारात आला होता तेव्हा वहिनींनी दिले नाहीत, वजनकाट्याचा आग्रह धरला. एकतीस हजार आले. गटाचे वीस. बाकी मजुरीचे. बासष्ट झाले. आखाडात मुकादम आला, चहा घेऊन गेला.

आणि सप्टेंबरात पाणी आलं. मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. धाराशिव जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात होती. वहिनींचं सोयाबीन घटस्थापनेच्या आठवड्यात उभ्याचं आडवं झालं, शेंगांना कोंब फुटले. ज्या दसऱ्याच्या भरवशावर चार महिन्यांचा पूल बांधला होता, तो दसराच आला नाही. यजमान पुन्हा अर्ध्या कोयत्यावर गेले. या वेळी पंचवीस हजारांवर.

मग बेत फसला का? आमच्या एका बैठकीत हा प्रश्न मला विचारला गेला. मी उत्तर दिलं की नाही फसला. नव्वद हजारांवर दोघं आणि दोन मुलं, आणि पंचवीस हजारांवर एकटे यजमान, हा फरक अतिवृष्टीच्या सालातला आहे. अशा सालात बाकीची घरं काय घेऊन गेली ते मी पाहिलंय. ज्याच्याकडे बेत नव्हता त्याने त्या आठवड्यात मुकादम म्हणेल ती रक्कम आणि म्हणेल तो कारखाना घेतला. वहिनींनी किती घ्यायचे ते आधी ठरवलं आणि मग मुकादमाला फोन केला.

आता लखपती दीदीबद्दल बोललं पाहिजे, कारण सध्या आमच्या कामातला हाच मोठा आकडा आहे. घराचं वर्षाचं उत्पन्न लाखावर, महिन्याची सरासरी दहा हजारांवर, आणि ते किमान चार हंगाम टिकलेलं असावं. जळगावला २५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांचा मोठा मेळावा झाला, अकरा लाख नव्या लखपती दीदींना प्रमाणपत्रं दिली गेली. आमच्या प्रभागातल्याही बाया बसमधून गेल्या होत्या, त्यांना फेटे बांधले होते, परत आल्या तेव्हा महिनाभर त्याच गोष्टी चालू होत्या. मला या योजनेतली चार हंगामांची अट मनापासून पटते. एका ईदने कुणी लखपती होत नाही.

पण आकडा आणि ध्येय यांत मला एक अडचण दिसते. वहिनींच्या घरात आलेला सगळा पैसा मोजला तर त्यांचं सगळ्यांत चांगलं साल कुठलं? २०२३-२४. दोघं कोयत्यावर, दर वाढलेला, लाखाच्या वर सहज. ज्या साली त्या गावात राहिल्या, मुलगी एका शाळेत शिकली, सासूची गोळी चुकली नाही, त्या साली कागदावरचं उत्पन्न घटलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी उतरता आकडा बघून विचारलं, "इथे काय बिघडलं?" वहिनी म्हणाल्या, "काय बिगडलं न्हाई साहेब. म्या घरी होते." साहेब भले माणूस होते, हसले. पण त्या उत्तराला रकाना नव्हता, त्यामुळे ते वहीत गेलं नाही.

मी या कामातून दोन गोष्टी ठामपणे सांगू शकते. शासनाने दिलेला आकडा उद्दिष्ट म्हणून चांगला असतो. त्याने पैसा येतो, माणसं हलतात, बँकेचं दार उघडतं. तो बाईचं ध्येय म्हणून तिच्या तोंडी घालू नये. दुसरं असं की बेत कागदावर किती सुबक आहे याला महत्त्व नाही. माझ्याकडचे सगळ्यांत सुबक आराखडे सगळ्यांत निरुपयोगी निघालेत. कुणाचे हात लागणार, कुठल्या आठवड्यात पैसा कमी पडणार आणि कुणाला आधी सांगून ठेवायचं, एवढं ज्या कागदावर आहे, तो कागद मळका असला तरी चालतो.

शेवटी बँकेतल्या माणसांना आणि आमच्याच वरिष्ठांना एक विनंती. गटांना तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं, वीस लाखांपर्यंत तारण लागत नाही. इतका स्वस्त पैसा आमच्या बायांना सहजी मिळत नाही, मुकादमाकडे तर नाहीच. पण ही कर्जं मार्चअखेरचा आकडा गाठायला मार्चमध्ये वाटली जातात. एप्रिल-मे लग्नसराईचा. पैसा तिकडे जातो आणि जून येतो तेव्हा घरात पुन्हा काही नसतं. आराखडे पट्टा पडून माणसं परतल्यावर, एप्रिलमध्ये बसून करा. मंजुरी मेमध्ये द्या. आणि निदान निम्मी रक्कम मृगाच्या आधीच्या आठवड्यात खात्यावर टाका. मुकादम त्याच आठवड्यात निघतो.